एकदा बरे झाल्यानंतर

बंगळूर शहरातून होसूरच्या दिशेने निघाले म्हणजे, शहर संपता संपता बोम्मसंद्रा नावाचे गाव लागते. गाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. आनेकल तालुक्यातील या खेड्याला आता कारखान्यांच्या वसाहतीने चोहोबाजूंनी वेढले आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून तर शहरातून येणाऱ्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे ते अखेरचे स्थानक झाले आहे. सकाळी त्या गाडीतून जी माणसे उतरतात त्यांचे सरळ दोन भाग पडतात. एक भाग कारखान्यांकडे वळतो. तो तरुण असतो आणि घाईत असतो. दुसरा सावकाश चालतो. त्याच्या हातात कागदांनी फुगलेली पिशवी असते आणि बरोबर कोणीतरी आधाराला असते. हा दुसरा भाग रुग्णालयांकडे जातो. डॉ. देवी शेट्टी यांनी या शतकाच्या आरंभी उभारलेले हृद्रोगाचे मोठे रुग्णालय याच परिसरात आहे, आणि किरण मजुमदार-शॉ यांच्या साहाय्याने २००९ साली त्याच आवारात कर्करोगासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. शहराच्या बाजूला याच रस्त्यावर १९७३ साली स्थापन झालेली किदवई संस्था आहे. होसूरचा हा रस्ता अशा रीतीने कितीतरी दुखणाईतांच्या पायाखालचा रस्ता झालेला आहे.

मी बार्शीकडचा. उभा जन्म त्या तालुक्यात वैद्यकी करण्यात गेला. हात कापू लागला तेव्हा दवाखाना बंद केला आणि मुलाच्या आग्रहावरून बोम्मसंद्र्याला येऊन राहिलो. निवृत्त वैद्याला रुग्णालयाचा वास सुटत नाही, म्हणतात ते खरे असावे. शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणाला सोबत हवी असली की मी निघतो. अशाच एका सकाळी, येथील एका रुग्णालयाच्या बाकावर बसलो असता शेजारी मराठी बोलणे कानी पडले. परमुलखात मराठी ऐकले की माणूस आपोआप वळून पाहतो. इचलकरंजीकडचे एक गृहस्थ होते. वय चौऱ्याहत्तर, जन्मभर यंत्रमागावर काम केलेले, मुलगा येथल्या कारखान्यात. पत्नीचे डोळे दाखवायला आले होते.

बोलता बोलता कळले की नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग मुंबईस शस्त्रक्रिया करून काढला होता. मी विचारले, "मग आता तपासणी कुठे करता?"

ते हसले. म्हणाले, "आता कसली तपासणी, डॉक्टरसाहेब? पाच वर्षं झाली तवाच सुटलो बघा. आमचं खातं बंद झालं."

आणि एवढे बोलून त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली.

श्रोतेहो, त्या गृहस्थांचे 'खाते बंद झाले' हे वाक्य मला त्या दिवसापासून सोडीत नाही. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्याच वाक्याविषयी. कर्करोगातून बरी झालेली आणि आता वृद्धत्वाकडे झुकलेली माणसे आपल्या घरोघरी आहेत. त्यांनी पुढे कोणत्या तपासण्या कराव्यात, कोणत्या करू नयेत, आणि हे कोणी ठरवावे, या प्रश्नांचा विचार आपण जवळजवळ केलेलाच नाही.

तो केला नाही यात आपला फारसा दोष नाही. हा प्रश्नच नवा आहे. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाचे दार २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्या काळी कर्करोग हा शब्द घरात मोठ्याने उच्चारीत नसत. तेथील रोगनिदानशास्त्राचे आचार्य डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी निरनिराळ्या प्रांतांतील लोकांच्या सवयी आणि त्यांना होणारे कर्करोग यांचा संबंध शोधून काढण्याचे थोर कार्य केले. परंतु रुग्ण येत तो बहुधा रोग हाताबाहेर गेल्यावर. त्याला आणखी दोन वर्षे लाभली तरी डॉक्टर समाधान मानीत. बरा झालेला माणूस पंधरा वर्षांनी ऐंशीच्या घरात पोचेल आणि 'आता मी काय तपासू?' असे विचारील, हे त्या पिढीच्या स्वप्नातही नसेल. आज तसा माणूस बाकावर आपल्या शेजारी बसलेला असतो. तेव्हा हा प्रश्न यशातून जन्माला आलेला आहे. परंतु यशातून आला म्हणून तो सोपा झाला, असे मात्र नाही.

प्रथम त्या 'पाच वर्षां'चा उलगडा करू. पाच वर्षे हे मोजमाप आहे. उपचारानंतर पाच वर्षांनी शंभरांतील किती जण हयात आहेत, यावरून एका उपचाराची दुसऱ्याशी तुलना करता येते. अनेक कर्करोग परतायचे असले तर पहिल्या काही वर्षांतच परततात, म्हणूनही पाच वर्षे पार पडणे ही आनंदाची गोष्ट खरीच. परंतु लोकांनी या मापाचे मुक्तिपत्र केले. स्तनाचा कर्करोग कधी कधी दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो. आणि जुना रोग अजिबात परतला नाही तरी नवा, स्वतंत्र, दुसऱ्याच अवयवाचा कर्करोग होऊ शकतो. पहिला बरा झाला म्हणजे दुसरा होणार नाही, अशी हमी निसर्गाने कोणाला दिलेली नाही. देवी एकदा आल्या की पुन्हा येत नसत. त्या जुन्या अनुभवावरून आपण कर्करोगालाही तोच नियम लावतो.

उलट, एकदा कर्करोग झालेल्या माणसाला दुसरा होण्याचा संभव पुष्कळ वेळा इतरांहून थोडा अधिकच असतो. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. पहिले कारण, मूळ हेतू तसाच राहिलेला असतो. तंबाखूने तोंडाच्या एका ठिकाणी रोग उत्पन्न केला, तर ज्या ज्या अस्तरावरून तो रस किंवा धूर गेला, ते सारे अस्तरच भाजून निघालेले असते. स्लॉटर नावाच्या अमेरिकन शल्यवैद्याने आपल्या सहकाऱ्यांसह १९५३ साली ही गोष्ट स्पष्ट दाखवून दिली: रोगाची गाठ एका जागी दिसते, परंतु बिघडलेली असते ती सबंध जमीन. दुसरे कारण आनुवंशिक. काही कुटुंबांत स्तन आणि बीजकोश यांचे, तर काहींत आतडे आणि गर्भाशय यांचे कर्करोग एकाच वारशाने येतात. तिसरे कारण उपचारच. ज्या किरणांनी रोग जळतो, त्यांच्याच वाटेवर आलेल्या निरोगी भागात फार वर्षांनी क्वचित नवा रोग उद्भवतो. लहान वयात छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रियांची स्तनतपासणी लवकर सुरू करतात ती याचसाठी. आणि चौथे कारण आपणा सर्वांना समान आहे, ते म्हणजे वय.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आमच्या बार्शीकडच्या शेतकऱ्याला तो दोन शब्दांत कळेल. रानात हरळी माजली, ती खणून काढली, तरी शेतकरी पुढची काही वर्षे त्या जागेवर नजर ठेवतो. कारण जमिनीत एखादी मुळी राहिली असली तर तेथूनच पुन्हा फुटेल. हा झाला एक पहारा. परंतु गाजरगवताचे बी वाऱ्यावर येते आणि कोठेही पडते. हरळीच्या जागेपाशी बसून राहणाऱ्याला बांधावरचे गाजरगवत दिसत नाही. उपचार करणारे रुग्णालय बोलावते ते बहुतेक पहिल्या पहाऱ्यासाठी. जुना रोग परतला का, हे पाहण्यासाठी. दुसरा पहारा निराळा. काही त्रास नसताना, नव्या रोगाची सुरुवात हुडकण्यासाठी जी तपासणी करतात, तिला चाळणी तपासणी म्हणतात. पहिला पहारा चालू आहे म्हणून दुसराही चालू असेल, असे रुग्ण धरून चालतो, घरचे धरून चालतात, आणि मला लाजेने सांगावे लागते की, त्यांचा नेहमीचा डॉक्टरही तसेच धरून चालतो.

लाजेने म्हणालो, त्याचे कारण सांगतो. आमच्या भागात एक बाई होत्या. सारे गाव त्यांना मावशी म्हणे, मीही म्हणत असे. पन्नाशीत त्यांच्या स्तनाचा कर्करोग मुंबईस काढला होता. त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की मावशी लाल फडक्यात बांधलेली फाईल काखोटीला मारून मुंबईला जात, आणि परत आल्या की वाटेत माझ्या दवाखान्यापाशी थांबून सांगत, "डॉक्टर, पास झाले बरं का." वर्षातून पाचसहा वेळा त्या माझ्याकडे येत, कधी गुडघ्यासाठी, कधी रक्तदाबासाठी. मावशींना मिश्रीची सवय होती. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. मला ते ठाऊक होते. माझ्या खिशात विजेरी होती. परंतु त्यांना 'आ करा' म्हणावे, असे मला बारा वर्षांत एकदाही सुचले नाही. कर्करोगाचे काय ते मुंबईचे डॉक्टर पाहतात, अशी माझी समजूत होती. मुंबईचे डॉक्टर, त्यांच्यापुढे ज्याची फाईल होती ते पाहत होते आणि नीट पाहत होते.

एके दिवशी मावशी म्हणाल्या, "तोंड आलंय, तिखट झोंबतं." मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. दोन महिन्यांनी पुन्हा आल्या तेव्हा भाकरीचा घास मोठा घेता येत नाही म्हणाल्या. त्या दिवशी मी विजेरी काढली. गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून जे दिसले ते दोन महिन्यांचे नव्हते. त्याच्या कडेचा पांढरा चट्टा तर कित्येक वर्षांचा असावा. रोग जबड्याच्या हाडात उतरला होता. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर किरणोपचारही झाले. दीड वर्ष त्यांनी पातळ पेजेवर काढले. शेवटी भेटलो तेव्हा बोलता येत नव्हते. त्यांनी हातानेच मला बसायला सांगितले. त्यांनी मला कधी दोष दिला नाही, आणि म्हणूनच तो माझ्यापाशी राहिला आहे.

ती तपासणी एका मिनिटाची होती. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात लाखाहून अधिक माणसांवर चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे पाहिली. तंबाखू किंवा मद्य यांची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले.

महाराष्ट्राला तर या विषयात अभिमान वाटावा असा इतिहास आहे. देशातील लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली, आणि पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ साली आमच्या बार्शीत. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांच्या गावोगाव माणसे हिंडली. खेड्यातला रुग्ण रुग्णालयाकडे येत नाही, तर नोंदवहीने त्याच्याकडे गेले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. पुढे त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा जगाने त्याची दखल घेतली. रोगाला कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात, बळावलेल्या अवस्थेतील रोग आणि मृत्यू यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. मुंबईत १९९८ पासून पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा असाच दीर्घ अभ्यास चालला. त्यात प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी करीत. २०२१ साली त्याचा निष्कर्ष आला: पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंत फरक दिसला नाही, परंतु पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. वय वाढले म्हणून तपासणीचा उपयोग संपला, असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

हे अभ्यास सर्वसामान्य लोकांवर झालेले आहेत, बरे झालेल्या वृद्ध रुग्णांवर नव्हेत, ही मर्यादा मी लपवीत नाही. परंतु अशा अभ्यासांच्या भूमीत राहूनही आपण सर्वसामान्यांच्या तपासणीतच किती मागे आहोत ते पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी तरी झालेल्या स्त्रिया शेकडा १.९ आढळल्या, स्तनांची तपासणी झालेल्या शेकडा ०.९ आणि तोंडाची झालेल्याही शेकडा ०.९. सरकारने २०१६ साली आखून दिलेल्या कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीसाठी तीस ते पासष्ट हे वय धरले. म्हणजे सदुसष्ट वर्षांची, एकदा कर्करोगातून उठलेली स्त्री दोन्ही बाजूंनी निसटते. कार्यक्रमाच्या लेखी ती वयाने बाहेर गेलेली आणि रुग्णालयाच्या लेखी जुन्या रोगापुरती आत असलेली.

बोम्मसंद्र्यासारख्या ठिकाणी तर तिसरीच अडचण भेटते. येथे आलेले आईबाप हे मुलांच्या नोकरीमागून आलेले असतात. त्यांचे उपचार झाले मुंबईला, मिरजेला किंवा बार्शीला. फाईल गावाकडच्या कपाटात राहिली. येथील डॉक्टर चांगला असतो, परंतु त्याची भाषा कन्नड किंवा इंग्रजी, आणि आजोबांची कोल्हापूरकडची मराठी. मध्ये सून दुभाषी. मग कोणता रोग होता, कोणत्या साली, किरण कोठे दिले, औषधे कोणती, यांतले काहीच नीट सांगितले जात नाही. "बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं," एवढ्यावर काम भागते. माणूस शेकडो मैल दूर आला आणि त्याचा पूर्वेतिहास मागेच राहिला.

आता या चित्राची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे भाषण ऐकून उद्या सकाळी प्रत्येक मुलगा आपल्या ऐंशी वर्षांच्या आईला तपासणीच्या रांगेत उभे करील. आज 'सर्वांगाची तपासणी सवलतीत' अशा जाहिराती जिकडेतिकडे दिसतात. रक्ताच्या एका थेंबात सगळे कर्करोग कळतील, अशी समजूत त्यांतून पसरते. वृद्ध माणसाच्या शरीरात शोधायला गेले तर काही ना काही सापडतेच. परंतु जे सापडले ते सर्वच घातक असते असे नाही. सत्तरी ओलांडलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा मंदगती रोग पुष्कळदा सापडतो, आणि तो अंगावर बाळगून माणूस दुसऱ्याच कारणाने सुखाने जातो. त्याचा उपचार मात्र सुखाचा नसतो. आतड्याची दुर्बिणीची तपासणी तरुणाला सोसते. अशक्त म्हाताऱ्याला तिच्या आधीचे जुलाबच आडवे करतात.

शिवाय चाळणी तपासणीचे फळ लगेच पदरात पडत नाही. स्तन आणि आतडे यांच्या तपासण्यांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, हजार माणसे तपासली तर त्यांतील एकाचा मृत्यू टळण्यास साधारण दहा वर्षे जावी लागतात. तपासणीचा त्रास आजचा आणि लाभ दहा वर्षांनंतरचा, असा हा व्यवहार आहे. म्हणून २०२१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका गटाने, स्तनकर्करोगातून बऱ्या झालेल्या पंचाहत्तर वर्षांवरील स्त्रियांसाठी एक समंजस धोरण सुचवले. प्रकृतीवरून पाहता दहा वर्षांहून अधिक आयुष्य अपेक्षित असेल तर स्तनाची क्ष-किरण तपासणी चालू ठेवावी. पाच ते दहा वर्षे अपेक्षित असतील तर ती थांबवण्याचा विचार बोलून करावा. पाचाहून कमी असतील तर ती बंद करावी. वयाचा आकडा एकटा येथे निर्णय करीत नाही. रोज टेकडी चढणारी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी आणि हृदय थकून अंथरुणाला खिळलेले सत्तर वर्षांचे आजोबा, यांना एकच नियम लावणे हा अन्याय होईल.

तपासणी थांबवणे हाही वैद्यकीय निर्णय आहे आणि तो विचारपूर्वक घेता येतो. आमच्याकडे मात्र तो घेतला जात नाही, तो आपोआप घडतो. गाडीभाडे परवडत नाही, मुलाला रजा मिळत नाही, 'आता या वयात कशाला' असे कोणीतरी म्हणते, आणि तपासणी गळून पडते. अशा रीतीने गळून पडलेली तपासणी आणि समजून थांबवलेली तपासणी, या दोहोंत फार अंतर आहे. आणखी एक गोष्ट: चाळणी थांबली तरी तक्रारीची दखल थांबत नाही. गाठ लागली, रक्त गेले, आवाज बसला तो तीन आठवडे सुटला नाही, घास अडकू लागला, तर वय नव्वद असले तरी दाखवलेच पाहिजे.

मग करावे काय? मी प्रत्येक घराला एकच काम सुचवतो. एक कागद घ्या. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा: कोणत्या अवयवाचा कर्करोग होता, साल कोणते, शस्त्रक्रिया कोणती झाली, शरीराच्या कोणत्या भागाला किरण दिले (खेड्यात ज्याला 'शेक' म्हणतात तेच ते), शिरेतून औषधे दिली असल्यास त्यांची नावे, शेवटची तपासणी कधी झाली. आईचा, मावशीचा, भावाचा असा काही इतिहास असल्यास तोही लिहा. गर्भाशयाची पिशवी काढली असल्यास, ती का काढली आणि मुखासकट काढली का, हे लिहा. कारण साध्या कारणासाठी मुखासकट काढली असेल, तर गर्भाशयमुखाची तपासणी करण्याचे कारणच उरत नाही. हा कागद शिधापत्रिकेइतका जपा. गाव सोडताना भांडी मागे राहिली तरी चालतील, हा कागद राहू देऊ नका.

तो कागद घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा आणि तीन प्रश्न विचारा. जुना रोग परतू नये म्हणून कोणती तपासणी, किती दिवसांनी? नव्या रोगासाठी माझ्या वयाला आणि प्रकृतीला कोणती तपासणी योग्य? आणि कोणती आता थांबवावी? आतड्याचा रोग झालेल्याला, प्रकृती ठीक असल्यास, शस्त्रक्रियेनंतर एका वर्षाने, मग तीन वर्षांनी, मग पाच-पाच वर्षांनी दुर्बिणीची तपासणी सांगण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. एक स्तन काढलेल्या स्त्रीने दुसऱ्याची तपासणी वर्षातून एकदा करावी, असे सांगतात. तंबाखू, मिश्री किंवा विडी यांची सवय आज असो वा पूर्वी असो, तोंड पाहिलेच पाहिजे. याहून पुढचे ज्याचे त्याच्या डॉक्टरने ठरवावे. आणि तरुण डॉक्टरबंधूंना माझी एक विनंती आहे. कोणी 'मी मुंबईला दाखवतो' म्हणाला, तरी खिशातली विजेरी काढा.

त्या बाकावरच्या गृहस्थांना मी हे सारे सांगितले नाही. फक्त मावशींची गोष्ट सांगितली. ते ऐकत होते, त्यांची पत्नी त्यांच्याहून अधिक लक्षपूर्वक ऐकत होती. गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "पण आमचं आतड्याचं होतं की, डॉक्टरसाहेब. तोंडाचं न्हवं."

मी म्हटले, "मावशींचंही तोंडाचं नव्हतं."

ते काही बोलले नाहीत. त्यांनी हातातल्या डबीकडे पाहिले आणि ती खिशात घातली. टाकून दिली नाही. मी वैद्य आहे, चमत्कार मी पाहिलेले नाहीत. तेवढ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पुकारा झाला. त्या बाई उठल्या, पदर सावरला, आणि जाता जाता मला म्हणाल्या, "ह्यांचं तोंड बघायचं ते कुठल्या खोलीत बघत्यात, तेवढं सांगा. माझं डोळं झालं की नेते."

मी खोली दाखवली.